सात गोल घेतले

बोरी बुद्रुक मागे टाकून आणे गावाच्या रस्त्याला लागलं की धामणमाळचा फाटा येतो. गुरुवारी सकाळी वैजयंतीबाईंनी त्या फाट्यावर स्कूटी थांबवली, मान वर करून फ्लेक्स वाचला, आणि मग पुन्हा एकदा वाचला.

फ्लेक्सवर एकतीस तोंडं होती. बाईंनी मोजली, हायस्कुलात सव्वीस वर्षं पीटी शिकवून मोजायची सवयच लागलेली. सगळ्यात वर मोठे साहेब, त्यांच्याखाली छोटे साहेब, मग सरपंच सयाजीराव मोबाईल कानाला लावून. मग भावी, इच्छुक आणि शुभेच्छुक. एका कोपऱ्यात जबडा वासलेला बिबट्या. तालुक्यात हल्ली त्याच्यावाचून कुठलाच फ्लेक्स पुरा होत नाही. आणि बिबट्याच्या पंजाखाली, उरलेल्या वीतभर जागेत, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप ती हर्षाली. अंगात निळी जर्सी, हातात जाडजूड मोजे. खाली लालभडक अक्षरं: ‘एकाच आंतरराष्ट्रीय सामन्यात सात गोल घेणारी धामणमाळची वाघीण! भव्य नागरी सत्कार, रविवारी सकाळी दहा वाजता.’

“सात गोल घेणारी!” बाई मोठ्यानं म्हणाल्या आणि रस्त्याच्या कडेला थुंकल्या. आयुष्यात त्या कधी रस्त्यावर थुंकल्या नव्हत्या. थुंकणाऱ्या पोरांना त्यांनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

हर्षाली गोलकीपर होती. गोलकीपर गोल घेत नाही. तो अडवतो, नाहीतर खातो. घेतात त्या विकेटी. पण ज्या गावात तीन काठ्या आणि एक रबरी चेंडू इथंच जगातले सगळे खेळ संपतात, तिथं सात विकेटी घेतल्या तसे सात गोल घेतले, हे ऐकून कुणाच्या कपाळाला आठी पडणार? हातात मोजे का, असंही कुणाच्या मनात आलं नाही. कल्पेशच्या दुकानात फ्लेक्स छापायला गेलेल्या कार्यकर्त्यांनी म्हणे आपसात ठरवून टाकलं, की फॉरेनात थंडी लई.

खरी गोष्ट अशी, की पंधरा दिवसांपूर्वी परदेशात एका तगड्या संघाविरुद्धच्या फुटबॉल सामन्याआधी भारताच्या पहिल्या कीपरचा खांदा सरावातच निखळला. दुसरी कीपर म्हणून गेलेली हर्षाली पहिल्यांदा देशासाठी उभी राहिली. भारत सात-शून्यनं हरला. बाईंनी सगळा सामना मोबाईलवर पाहिला होता, मांडीवर वही घेऊन. गॅसवरचं दूध उतू जाऊन वास सुटला तरी त्या उठल्या नव्हत्या.

ती वही हे बाईंचं वेड होतं. दोनशे पानी, खाकी कव्हराची. भारताच्या महिला संघाचा प्रत्येक देशाविरुद्धचा हिशेब त्यात होता. एका देशाला एक पान: किती सामने, किती जिंकले, किती बरोबरीत, किती हरले, गोल किती केले, किती खाल्ले. जिंकलेला सामना हिरव्या पेनानं, हरलेला लाल. शेजारच्या देशांची पानं बरीचशी हिरवी, लांबच्या तगड्या देशांची पानं लालेलाल. लाल पान बाईंनी कधी झाकलं नाही. मैदानावर पोरींना गोल बसवून त्या तेच आधी वाचून दाखवायच्या. आपण कुठं उभे आहोत ते ज्याला माहीत नाही, त्याला कुठं जायचं तेही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. हर्षाली शिबिराला गेली तेव्हापासून बाईंनी एक नवा रकाना आखला होता, जो छापील तक्त्यांत कुठंच नसतो: ‘अडवलेले’. त्या दिवशीच्या लाल ओळीत तिथं आकडा होता एकोणीस.

मग गावात उलटी गंगा वाहिली कशी? तर हर्षालीचे वडील, संपत, पिंटूच्या टपरीवर दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, “पोरीनं सात गोल घेतले.” एवढंच. संध्याकाळपर्यंत ही बातमी बेल्ह्याच्या बाजारात पोचली.

आता बाईंना सगळ्यात जास्त किळस कुणाची आली असेल, तर स्वतःची. कारण त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण त्याच आठवड्यात मैदानावर अकरा नव्या पोरी आल्या. ज्यांच्या आयांनी “पोरीच्या जातीला चड्डी घालून पळाया लावता का” म्हणून बाईंना दारातून परत पाठवलं होतं, त्याच आया बूट कुठं मिळतात ते विचारायला आल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून बाईंनी तोंड शिवून घेतलं. लाल पान ताठ मानेनं वाचून दाखवणारी बाई पंधरा दिवस त्या पानावर हात ठेवून बसली होती.

शुक्रवारी उजाडल्यावर त्या मैदानावर पोचल्या, तर सगळ्या पोरी एका बाजूला उभ्या. मैदानभर पांढऱ्या फक्कीच्या रेघा आणि मधोमध सहा खड्डे, कमरेएवढे. सयाजीराव गुडघ्यावर नकाशा पसरून मोटारसायकलीवर बसलेले.

“बाई, आनंदाची बातमी,” ते म्हणाले. “हर्षाली क्रीडा भवन! आपल्या पोरीचं नाव आजरामर.”

“मैदान खणून क्रीडा भवन?” बाई म्हणाल्या. “मग पोरी खेळणार कुठं?”

“आत! आता काय उनाताणात खेळायचे दिवस ऱ्हायलेत का?”

बाईंनी नकाशावर नजर टाकली. एका खोलीवर लिहिलं होतं ‘वधूपक्ष’, समोरच्या खोलीवर ‘वरपक्ष’, मागे ‘आचारी’.

“आणि हे वधूपक्ष?”

सयाजीरावांनी पापणीही न हलवता नकाशाची घडी घातली. “दोन टीमा येनार म्हनल्यावर दोन खोल्या नकोत? येक हा पक्ष, येक तो पक्ष. नकाशा दुसऱ्या कामाचा हाय, नावं तेवढी बदलायची.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “रविवारी सत्कार झाला की तिथंच ग्रामसभा. हर्षाली माईकवर हो म्हनली की हात आपोआप वर. बायाबी वर करतील. तिच्या नावाला कोन न्हाई म्हनंल?”

आयत्या बिळावर नागोबा ऐकले होते, पण बिळाला स्वतःच्या हातानं तोरण बांधून मग आत शिरणारा नागोबा बाई पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांना शिसारी आली. आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांना कळून चुकलं, की ते तोरण बांधायला आपणही हात लावलाय. पंधरा दिवसांपूर्वी “सात गोल खाल्ले” एवढं मैदानावर सांगितलं असतं, तर या माणसाच्या हाती हर्षालीचं नाव लागलंच नसतं.

शनिवारी दुपारी हर्षाली घरी आली, तेव्हा बाई तिच्या घरी आधीच येऊन बसल्या होत्या. हर्षालीची आई साळुबाई पोळ्या लाटत होती. संपत मात्र लेक दारात दिसताच “मोटार बंद करून येतो” म्हणून रानात निघून गेले.

हर्षालीनं बॅग ठेवली, पाणी प्यायली, आणि बाईंच्या पाया पडायच्या ऐवजी समोर उभी राहिली.

“फ्लेक्स बघितला,” ती म्हणाली.

“हो.”

“मी पप्पांना फोनवर सांगितलं होतं, सात गोल अंगावर घेतले. रेंज नव्हती, त्यांना अर्धंच ऐकू गेलं असेल. त्यांचं ठीक आहे. पण बाई, तुमच्या तर वहीत होतं.”

शाळेत भल्याभल्यांची बोलती बंद करणारी ही बाई साळुबाईच्या लाटण्याकडे बघत बसली.

“सातवा गोल झाला तेव्हा मी रडले नव्हते,” हर्षाली म्हणाली. “आमच्या संघात कुणी मला एक वाकडा शब्द बोललं नाही. त्यांची कॅप्टन येऊन हात मिळवून गेली. म्हणाली, तू नसतीस तर वीस झाले असते. मी अभिमानानं घरी येत होते, बाई. फाट्यावर उतरले आणि मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. त्या फ्लेक्सवरची पोरगी कोण आहे?”

“चुकले मी,” बाई म्हणाल्या. “नव्या पोरी आल्या, म्हणून गप्प बसले.” आणि मग त्यांनी खड्डे, नकाशा, ग्रामसभा सगळं सांगितलं.

साळुबाईनं लाटणं बाजूला ठेवलं. “म्हंजे उद्या ही खरं बोलली तर गाव हसनार. न्हाई बोलली तर मैदान जानार.”

“आणि पप्पा?” हर्षाली म्हणाली. “टपरीवर त्यांना काय तोंड दाखवायला जागा उरेल?”

पोळी तव्यावर करपली.

रविवारी मारुतीच्या देवळापुढं मांडव घातला होता. गाव लोटलं होतं. बायकांची बाजू फुलून गेली होती. सयाजीरावांनी ओझरच्या गणपतीचा प्रसाद आणवला होता. सत्काराआधी तासभर सत्कार करणाऱ्यांचेच सत्कार झाले. एकेकाच्या गळ्यात हार, डोक्यावर फेटा, आणि तोंडात “आमच्या हर्षालीनं”. ज्यानं कधी तिच्या बापाला रस्त्यात रामराम घातला नाही, तोही “आमच्या” म्हणत होता. बाई पोरींच्या रांगेत बसून ऐकत होत्या, आणि प्रत्येक “आमच्या”सरशी त्यांच्या तोंडाची चव कडू होत होती. एका भाषणात सात गोलांचे नऊ झाले. कुणी हूं की चूं केलं नाही.

प्रमुख पाहुणे म्हणून बेल्ह्याचे झुंबरलाल शेठ आले होते. बी-बियाणं आणि औषधांचं दुकान, वय पंचाहत्तर, गावातल्या चार पिढ्यांना नावानिशी ओळखणारे. त्यांच्या हातून शाल आणि नारळ द्यायचा होता. त्यांनी शाल घातली, नारळ दिला, मग पाठीमागच्या फ्लेक्सकडे चष्मा वर-खाली करून बघत राहिले.

“पोरी, येक इचारू का?” ते माईकजवळच म्हणाले. “आमी दुकानात फवारनीचे हातमोजे इकतो, म्हनून माझं आपलं ध्यान तिकडंच जातं. पायानं गोल मारायचा खेळ, मग हातात मोजे कशाला गं?”

एवढ्या गावात तो प्रश्न एका म्हाताऱ्यानं विचारला, आणि तोही माल निरखून घ्यायची सवय म्हणून. हर्षालीनं माईक हातात घेतला. तिनं एकदा मांडवाच्या कडेला, खांबाला टेकून उभ्या असलेल्या वडिलांकडे बघितलं.

“शेठजी, मी गोल मारत नाही, मी गोलकीपर आहे,” ती म्हणाली. “समोरच्यांचे गोल अडवायचं माझं काम. त्या सामन्यात मी सात गोल घेतले नाहीत, खाल्ले. भारत सात-शून्यनं हरला. मी पहिल्यांदा देशासाठी खेळले आणि हरले. सत्कार करायचा असेल तर त्याचा करा.”

मग मागून कुणीतरी फिस्कन हसलं, आणि मग हसू सांडतच गेलं. “आयला, म्हंजे हारून आली व्हय!” “सात खाऊन आली, राव!” पंधरा मिनिटांपूर्वी “आमची” असलेली पोरगी बघता बघता संपतची झाली. “संपतच्या पोरीनं गावाला यडं बनवलं,” असंही कुणीतरी म्हणालं. तेरड्याचा रंग निदान तीन दिवस तरी टिकतो. इथं फेट्याचा पीळ सुटायच्या आत रंग गेला. एका कार्यकर्त्यानं तर पुढं होऊन तिच्या हातातला नारळ काढून घेतला आणि तो कुठं ठेवावा हे न कळून स्वतःच्याच पोटाशी धरला. बाईंना ते बघवेना.

सयाजीरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. त्यांनी माईक जवळजवळ हिसकावला.

“हारलेल्या पोरीचं नाव भवनाला द्यायला आमी काय खुळे न्हाई!” ते गरजले. “नाव रद्द! आमच्या मातोश्रींचं नाव देऊ. कैलासवासी सखूबाई मंगल कार्यालय! चला, ठराव घ्या. हात वर करा.”

रागात माणूस खरं बोलतो ते असं. बायकांच्या बाजूला चुळबुळ झाली. साळुबाई उभी राहिली. ही बाई सभेत कधी उभी राहिली नव्हती.

“काय म्हनला?” ती म्हणाली. “मंगल कार्यालय? काल पत्तुर तर खेळाचं भवन म्हनत व्हता.”

“त्येच ते, येकच ओ.”

“एकच नाही,” वैजयंतीबाई उठल्या. “नकाशात वधूपक्ष आहे, वरपक्ष आहे, आचारी आहे. चेंडूला जागा नाही. आणि आणखी एक ऐका. हर्षालीनं तुम्हाला फसवलं नाही. सात गोल खाल्ले हे मला सामना संपला त्या मिनिटापासून माहीत होतं. माझ्या वहीत लिहिलेलं आहे. मी पंधरा दिवस गप्प बसले, कारण तुमच्या पोरी मैदानावर येत होत्या आणि मला ते हवं होतं. थुंकायचं तर माझ्यावर थुंका.” त्यांनी वही उघडून धरली. “पण लाल ओळीत शेवटचा आकडाही वाचते. त्या सामन्यात तिनं एकोणीस गोल अडवले. या मांडवात बसलेल्यांपैकी कुणी कधी काय अडवलंय, ते त्यानं स्वतःला विचारावं. मैदानातले खड्डे तरी अडवा.”

झुंबरलाल शेठ बसल्या जागेवरून म्हणाले, “छव्वीस येऊन सातच गेले व्हय. मग माल चांगला हाय.”

हात वर झाले. बाईंनी सवयीनं मोजले. ठरावाच्या बाजूनं अठ्ठावन्न, विरुद्ध त्र्याहत्तर, आणि त्या त्र्याहत्तरांत बायका साठाच्या वर. बाईंच्या मनात आनंद काही दाटून आला नाही. या लोकांनी मैदान वाचवलं ते पोरींसाठी किती आणि सयाजीरावांच्या मातोश्रींचं नाव नको म्हणून किती, हे त्यांना ठाऊक होतं. सभा मोडली तशी अर्धी माणसं हर्षालीकडे न बघताच निघून गेली, प्रसाद मात्र घेऊन.

आणि संपत खांबापाशी नव्हते.

सोमवारी उजाडता बाई मैदानावर आल्या. फाट्यावरचा फ्लेक्स उतरला होता. कुणाच्या तरी रानात रचून ठेवलेल्या कांद्याच्या आरणीवर तो उलटा पसरलेला त्यांना येताना दिसला, बिबट्याचे डोळे तेवढे एका कडेनं बाहेर. नव्या अकरा पोरींपैकी चार आल्या होत्या. हर्षाली त्यांना चेंडू पोटाशी कसा धरायचा ते दाखवत होती. आणि पलीकडे एक माणूस घमेलं-फावडं घेऊन खड्डे बुजवत होता. चार बुजवून झाले होते. जवळ गेल्यावर कळलं, संपत.

“रेंज नव्हती, त्याला तुम्ही काय करणार,” बाई त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाल्या.

संपतनी फावडं टेकवलं. त्यांचे डोळे तारवटलेले होते.

“रेंज व्हती, बाई,” ते म्हणाले. “समदं ऐकू आलं व्हतं. ‘अंगावर घेतले’ म्हनली व्हती ती. टपरीवर समद्यांनी इचारलं, काय झालं म्याचचं, आन माझी जीभच रेटंना. ‘अंगावर’ मीच गाळलं. येक शबूद गाळला. वाटलं, येका शब्दानं काय हुतंय.”

बाईंना त्या माणसाची किळस यायला हवी होती, पण पंधरा दिवस वहीवर हात ठेवून बसलेली बाई कुठल्या तोंडानं किळस करणार? त्यांनी दुसरं फावडं उचललं.

शाळेला जाताना त्या पिंटूच्या टपरीवरून गेल्या. बाकड्यावर नेहमीचीच मंडळी होती आणि तोंडाला फडकं गुंडाळलेले संपत मातीच्या हातात चहाचा कप धरून उभे होते. बाईंनी स्कूटी हळू केली.

“काय संपतभाऊ,” बाकड्यावरून एकजण डोळा मारत म्हणाला, “किती गोल घेतले म्हनला व्हता पोरीनं?”

बाकडं खिदळलं. संपतनी तोंडावरचं फडकं सोडलं, कप फळीवर ठेवला.

“सात,” ते म्हणाले. “अंगावर घेतले तिनं. अंगावर. आन एकोनीस अडवले.”

खिदळणं थांबलं. तसं ते कौतुकानं थांबलं नव्हतं. पुढं काय चेष्टा करावी हे कुणाला सुचत नव्हतं, एवढंच. पिंटूनं उगीचच गाळणी आपटली.

“काय म्हनला? ऐकू न्हाई आलं,” बाकड्यावरचा तो पुन्हा म्हणाला.

बाईंनी स्कूटी बंद केली आणि तिथंच थांबल्या. संपतनी सगळं पहिल्यापासून परत सांगितलं.